डुकरांची माणसं होतात, भिंती वितळतात, आणि समीक्षक टाळ्या वाजवतात

चिलीतल्या क्रिस्तोबाल लेओन आणि होआकिन कोसिन्या या दोन चित्रकारांनी २०१८ मध्ये आपला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा आणला. नाव ‘ला कासा लोबो’, मराठीत ‘लांडग्याचं घर’. जेमतेम सव्वा तासाचा, जवळपास सगळा ॲनिमेशनचा. एका वस्तीत राहणारी मारिया नावाची मुलगी शिक्षेला घाबरून पळते आणि जंगलातल्या एका घरात शिरते. तिथे तिला दोन डुकरं सापडतात. त्यांची ती हळूहळू माणसं करते, नावं देते, वाढवते. बाहेर लांडगा तिला हाका मारत फिरत असतो. गोष्ट एवढीच. बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला बक्षीस मिळालं, फ्रान्समधल्या ॲनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात परीक्षकांनी खास दखल घेतली, पुढे ठिकठिकाणच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. आणि हाच सिनेमा रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर लावणारा माणूस विसाव्या मिनिटाला विचारतो, ‘‘हे चाललंय काय नक्की?’’

दोघांचंही बरोबर आहे. समीक्षक शिष्ट असतात आणि प्रेक्षक अडाणी असतो, हे दोन्ही आरोप आपल्याकडे फार स्वस्तात केले जातात. या सिनेमाच्या बाबतीत ते दोन्ही लागू पडत नाहीत. समीक्षक ज्या गोष्टीसाठी कौतुक करतात, नेमकी तीच गोष्ट प्रेक्षकाला खुपते. हे एकदा ध्यानात आलं की असल्या सिनेमांची परीक्षणं वाचायची पद्धतच बदलते.

आधी टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. रॉटन टोमॅटोज या साइटवर सिनेमाच्या नावापुढे जे टक्के दिसतात ते गुण नव्हेत. किती समीक्षकांचं मत एकूणात अनुकूल आहे, एवढंच ते सांगतात. दहा जणांनी मिसळ खाल्ली आणि दहाही जण ‘ठीक आहे, चालेल’ म्हणाले, तर त्या मिसळीला १०० टक्के. दुसरीकडे पाच जण म्हणाले की जन्मात अशी खाल्ली नाही आणि पाच जणांनी पहिल्याच घासाला पाणी मागितलं, तर तिला ५० टक्के. यातल्या कुठल्या मिसळीसाठी गाडी काढायची, हे नाशिककराला कुणी सांगावं लागत नाही. मेटाक्रिटिक ही दुसरी साइट परीक्षणांचे गुण करून सरासरी काढते, आणि त्यातही काही प्रकाशनांना जास्त वजन देते. म्हणजे एकाच सिनेमाचे दोन साइटवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही.

पण ‘लांडग्याचं घर’सारख्या सिनेमांना टक्केही भरघोस मिळतात. त्यामागे एक साधं कारण आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. शुक्रवारी लागणाऱ्या मोठ्या सिनेमाला वर्तमानपत्राच्या समीक्षकाला जावंच लागतं, डोकं दुखत असलं तरी. छोट्या वितरकाने आणलेल्या चिलीच्या ॲनिमेशनपटावर लिहायला कुणी कुणाला जुंपत नाही. ज्याला मुळातच अशा प्रकाराची ओढ आहे तोच लिहायला घेतो. परीक्षणं मोजकी, आणि लिहिणारे आधीच अर्धे राजी. म्हणून अशा सिनेमाच्या ९० टक्क्यांचा अर्थ ‘दहातल्या नऊ जणांना आवडेल’ असा कधीच घ्यायचा नाही. ‘ज्यांना असलं काही आवडतं, त्यांतल्या बहुतेकांना आवडलं’ असा घ्यायचा.

बक्षिसांचंही तसंच. बर्लिनमध्ये या सिनेमाला मिळालेलं पारितोषिक ‘कालिगारी’ नावाचं आहे, १९२० मधल्या एका प्रसिद्ध जर्मन मूकपटाच्या नावावरून ठेवलेलं. ते महोत्सवाच्या फोरम विभागातल्या सिनेमाला मिळतं, आणि तो विभाग मुळातच प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. आशय आणि शैली या दोन्हींत काही नवं करून दाखवणाऱ्या सिनेमासाठी हे पारितोषिक असतं. सर्वांत रंजक किंवा सर्वांत सुबक असा त्याचा निकषच नाही. पोस्टरवर मात्र फक्त लॉरेलच्या पानांची ती दोन कंसं छापलेली असतात आणि आपण समजतो, पहिला नंबर आला.

आता खुद्द सिनेमाकडे. कौतुकाचा निम्मा भाग तंत्राचा आहे आणि ते तंत्र समजायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोड्या थोड्या अंतराने टिपून त्याची छोटी फिल्म केली होती. पडद्यावर कोंब भराभर वर येताना दिसला आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी ठेवायची, एक चौकट टिपायची, काडी किंचित सरकवायची, पुन्हा टिपायची. फिल्म चालवली की काड्या आपोआप नाचतात. हेच स्टॉप मोशन. ती फिल्म आज उपलब्ध नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली तिथे जातात, मुलांना हरिश्चंद्र सांगितला जातो. आगकाड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, हे मला नेहमी खटकतं. लहान पोरांना त्यातच जास्त रस वाटला असता.

लेओन आणि कोसिन्या यांनी आगकाडीच्या जागी अख्खी खोली घेतली. टेबलावरची छोटी बाहुली नाही, माणसाएवढ्या आकृती आणि खऱ्या भिंती. काम सुरू करण्याआधी त्यांनी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले होते. बाहुल्या वापरायच्या नाहीत. प्रत्येक गोष्ट शिल्पासारखी बदलू शकली पाहिजे. पडदा मध्येच काळा करायचा नाही. सबंध सिनेमा एकाच अखंड शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसला पाहिजे. आणि जिथे काम चालेल ती जागा सेट नव्हे, कार्यशाळा असेल. शेवटचा नियम त्यांनी शब्दशः पाळला. चित्रीकरण वेगवेगळ्या देशांतल्या कलादालनांत आणि संग्रहालयांत झालं, लोक येऊन काम चाललेलं बघून जात. हे कित्येक वर्षं चाललं. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी सव्वा तासाला ५० हजारांच्या वर चित्रं होतात, आणि इथे प्रत्येक चित्रासाठी कुणाला तरी भिंत रंगवायची, पुसायची किंवा कागद फाडायचा होता.

पडद्यावर हे कसं दिसतं? भिंतीवर ब्रशने एक चेहरा उमटतो. रंग ओला आहे, हनुवटीवरून ओघळ खाली येतो. चेहरा भिंतीवरून सरकू लागतो आणि जिथून तो गेला तिथे पुसल्याचा मळकट डाग राहतो. मग त्या डागाच्या जवळ भिंतीतून कागदी बोटं फुटतात. बोटांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते, तिच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात, वर रंग चढतो, खांदा येतो, मान येते. डोळे मात्र अजून भिंतीवरच आहेत. थोड्या वेळाने ते जागेवर येतात आणि एक मुलगी खुर्चीत बसलेली दिसते. ती पुरती आकाराला यायच्या आतच पाय सुटायला लागतात. कॅमेरा कुठेही तुटत नाही. खोलीतलं टेबल, खिडकी, पलंग सगळं असंच उगवतं आणि विरतं.

परीक्षणांत पुन्हा पुन्हा भेटणारं कौतुक हेच आहे: पडद्यावरची कुठलीच वस्तू स्थिर नाही, घर जणू मारियाच्या मनासारखं वागतं, हातांचे ठसे लपवलेले नाहीत. आता हीच गोष्ट तक्रार म्हणून वाचा. नेहमीच्या सिनेमात कट येतो तेव्हा डोळ्याला क्षणभर उसंत मिळते, काय झालं ते मनात लागतं. इथे ती मिळतच नाही. कुणाकडे बघायचं हे ठरेपर्यंत तो ‘कुणी’ विरघळून गेलेला असतो. वर आवाज सगळे दबक्या सुरातले. म्हणून ‘गुंगवून टाकणारा’ आणि ‘दमवून टाकणारा’ हे दोन्ही शेरे एकाच अनुभवाचे आहेत. एका समीक्षकाने एक लिहिला, दुसऱ्याने दुसरा; कधी कधी तर एकाच परीक्षणात दोन्ही सापडतात. म्हणून परीक्षणातली विशेषणं सोडून द्यायची आणि वर्णन तेवढं वाचायचं. सव्वा तास कट नाही, सगळं सतत बदलतंय, आवाज कुजबुजते आहेत, एवढं कळलं की आपल्याला झेपेल की नाही हे आपलं आपल्याला ठरवता येतं. तारे मोजायची गरज उरत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार: कथा कुठे आहे? इथे अतिवास्तववाद थोडा समजून घ्यावा लागतो. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतॉंने त्याचा जाहीरनामा लिहिला. जागेपणी मन जे दडपतं ते स्वप्नात मोकळं होतं, तेव्हा कलेने स्वप्नाच्या तर्काने चालावं, असा एकूण रोख. स्वप्नात आपण गंगापूर रोडवरच्या घरात शिरतो आणि आत आजोळचं माजघर निघतं. तेव्हा आपल्याला त्याचं काही वाटत नाही, सकाळी सांगायला गेलो की मात्र जमत नाही. अतिवास्तव सिनेमात प्रसंग असे एकाला एक जोडलेले असतात, ‘म्हणून’ या शब्दाशिवाय. चेक दिग्दर्शक यान श्वान्कमायर हा या घराण्यातला मोठा माणूस. त्याच्या १९८८ मधल्या ‘ॲलिस’मध्ये पांढरा ससा हा खराखुरा पेंढा भरलेला ससा आहे, आणि त्याच्या पोटातून सारखा भुसा गळतो. त्या सिनेमालाही पुढच्याच वर्षी ॲनसीला पूर्ण लांबीच्या सिनेमाचं बक्षीस मिळालं होतं. तेव्हा ‘लांडग्याचं घर’ आकाशातून पडलेलं नाही. समीक्षकांना त्याचं गोत्र ठाऊक होतं, आणि ज्या प्रेक्षकाला ते ठाऊक नाही त्याला ते एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा शिक्का बसला होता, अश्लीलतेचा खटलाही झाला, आणि आज तीच कविता विद्यापीठात शिकवली जाते. तेव्हा ‘कळलं नाही’ हा शेरा मराठी वाचकाने पूर्वीही मारलेला आहे आणि पूर्वीही मागे घेतलेला आहे.

आणि परीकथा म्हटल्यावर आपण गोड काहीतरी का गृहीत धरतो, हेही मला कळत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. वाचकांना ते सोसवेना म्हणून पुढच्या आवृत्तीत सावत्र झाली. आपल्या चिऊताईने भर पावसात काऊला दाराबाहेर तिष्ठत ठेवलं, आणि कित्येक घरांत ती गोष्ट तापलेल्या तव्याचा चटका बसलेल्या कावळ्यावर संपते. पंचवटीला पाहुणे आले की आपण त्यांना काळाराम, सीतागुंफा दाखवतो, तपोवनात नेतो आणि तिथे चार वर्षांच्या पोरालाही शूर्पणखेचं नाक कसं कापलं ते हसत हसत सांगतो. अंधाऱ्या परीकथेची सवय आपल्याला भरपूर आहे. फक्त ती ॲनिमेशनमध्ये आली की ‘हे तर कार्टून, मुलांना लावून देऊ’ असं होतं. हा सिनेमा मुलांना लावून देऊ नका, एवढं मात्र स्पष्ट सांगतो.

आता मुद्द्याचं. हा सिनेमा ज्या वस्तीपासून सुरू होतो ती वस्ती खरी होती.

पाउल शेफर नावाचा जर्मन धर्मोपदेशक, ज्याच्यावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप होते, तो जर्मनीतून निसटून चिलीला गेला आणि १९६१ मध्ये दक्षिणेकडच्या पार्राल गावाजवळ त्याने आपल्या अनुयायांची वसाहत उभी केली. नाव ‘कोलोनिया डिग्निदाद’, म्हणजे प्रतिष्ठेची वसाहत. बाहेरून बघणाऱ्याला शेती, मध, गाणारी मुलं, कष्टाळू माणसं. आत मुलं आईवडिलांपासून तोडलेली, भोवती कुंपण आणि पहारा, आणि वर्षानुवर्षं अत्याचार. १९७३ मध्ये चिलीचा लष्करप्रमुख पिनोचे याने सत्ता बळकावल्यावर त्याच्या गुप्त पोलिसांनी राजकीय कैद्यांच्या छळासाठी हीच जागा वापरली. शेफर नव्वदच्या दशकात फरारी झाला, २००५ मध्ये अर्जेंटिनात पकडला गेला, २००६ मध्ये चिलीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि २०१० मध्ये तो तुरुंगात मेला. जर्मन दूतावासाने इतकी वर्षं याकडे काणाडोळा केला, हे जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. त्यानंतर दोन वर्षांनी हा सिनेमा दाखवला गेला, तोही बर्लिनमध्ये. तिथल्या प्रेक्षागृहात बसलेल्यांना ‘वसाहत’ म्हटल्याबरोबर काय आठवलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

दिग्दर्शकांची मूळ कल्पना अशी: शेफरने स्वतःच मुलांसाठी एखादा ॲनिमेशनपट काढला असता तर तो कसा असता? म्हणून सिनेमा सुरू होतो तोच एखाद्या जुन्या माहितीपटासारखा. वसाहतीतले दिवस, मध, हसरी माणसं, आणि निवेदकाचा गोड आवाज: आमच्याबद्दल बाहेर फार अफवा पसरल्यात, म्हणून आमच्या संग्रहातली ही एक फिल्म तुम्हाला दाखवतो. पुढचं सगळं त्या आवाजाच्या ताब्यात आहे. मारियाची गोष्ट वरवर पाहता ‘आज्ञा मोडणाऱ्या मुलीचं काय होतं बघा’ अशी बोधकथा आहे. घर सोडलंस, भोग आता.

आमच्या इथे, कॉलेज रोडजवळच्या एका क्लासच्या हॉलमध्ये आम्ही काही जण जमून सिनेमे बघतो, तिथे हा लावला होता. संपल्यावर बराच वेळ कुणी बोलेना. मग एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाईच म्हणतात, त्या म्हणाल्या, ‘‘अहो, पण ही गोष्ट लांडगाच सांगतोय की.’’ ॲनिमेशन शिकणारा एक मुलगा मागून म्हणाला, ‘‘बाई, पण असं सिनेमात कुठे म्हटलंय?’’

झालं. समीक्षकांमधला सगळा वाद या दोन वाक्यांत आला.

ज्यांना सिनेमा थोर वाटतो त्यांचं म्हणणं बाईंसारखं. प्रचार कसा असतो, यावर सिनेमा भाषण देत नाही. तो तुम्हाला प्रचार ऐकणाऱ्या मुलाच्या जागी नेऊन बसवतो. लांडग्याचा आवाज धमकावणारा नाही, लाडाचा आहे. तो मारियाला नावाने हाक मारतो, काळजी करतो. ‘लांडगा आला रे आला’ या आपल्या गोष्टीत खोटारडं पोर असतं आणि लांडगा शेवटी येतो. इथे लांडगा पहिल्यापासून आहे आणि निवेदन त्याच्याकडे आहे. त्याहून भेदक भाग पुढचा. पळून आलेली मारिया त्या घरात वसाहतीतच शिकलेलं सगळं करते. डुकरांना माणसं करते, शिस्त लावते, बाहेर जायचं नाही, बाहेर लांडगा आहे म्हणते. एका अपघातात ती मुलं भाजतात तेव्हा ती त्यांना मध देते, आणि त्या मधाने ती दोघं गोरी, सोनेरी केसांची होतात. हा प्रसंग परीक्षणांत बराच चर्चिला गेला, वंशश्रेष्ठत्वाच्या अंगाने. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला तो मुद्दाम समजावून द्यावा लागत नाही. जिच्यावर अन्याय झाला तीच दुसऱ्यावर तोच अन्याय प्रेमाने करते, हे इतक्या कमी शब्दांत दाखवलेलं मी क्वचित पाहिलंय.

विरुद्ध बाजू त्या मुलासारखी. शेफरचं नाव नाही, साल नाही, पिनोचे नाही. चिलीच्या किंवा जर्मनीच्या प्रेक्षकाला संदर्भ माहीत आहे. इतरांना नुसतं भयंकर सुंदर काहीतरी पाहिल्यासारखं वाटेल. मग ज्या मुलांवर खरोखर अत्याचार झाले, त्यांचं दुःख फक्त देखणी चित्रं काढायला कामाला आलं की काय? हा प्रश्न हलका नाही. खऱ्या छळावर बेतलेलं काहीही इतकं नेत्रसुखद असावं का, याला एक उत्तर नाही आणि गंभीर समीक्षक तसं उत्तर द्यायचा आव आणतही नाहीत.

माझं मत बाईंकडे झुकतं, पण पूर्ण नाही. सिनेमातली सुंदरता स्थिर नाही, ती सतत सडते, ओघळते, फाटते. तिच्यावर डोळा ठरत नाही. देखणेपणाचा आरोप इथे तेवढा लागू होत नाही. पण सुरुवातीचं ते खोटं माहितीपटाचं वेष्टन फार पटकन येऊन जातं. ज्याला वसाहतीबद्दल काहीच ठाऊक नाही त्याच्या ते हातून निसटतं, आणि मग पुढचा तासभर तो चुकीचं कुलूप उघडायचा प्रयत्न करत राहतो. हा सिनेमाचा दोष आहे असं मी म्हणेन. छोटा, पण आहे.

असे निवाडे कायमचे नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. डिस्नेचा १९५१ मधला ‘ॲलिस इन वंडरलँड’ तेव्हा पडला होता. इंग्लंडच्या समीक्षकांना तर तो आपल्या लाडक्या पुस्तकाचा अपमानच वाटला. साठीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकी कॉलेजांतल्या तरुणांनी तो पुन्हा शोधून काढला आणि १९७४ मध्ये कंपनीने तो पुन्हा थिएटरात लावला. जपानमधला ‘बेलाडोना’ १९७३ चा. त्यात बहुतेक वेळ स्थिर जलरंगी चित्रांवरून कॅमेरा फिरतो, एका अत्याचारित स्त्रीची सैतानाशी गाठ पडते. बर्लिनच्या स्पर्धेत होता, तरी मायदेशी चालला नाही, आणि तो काढणारी मुशी प्रॉडक्शन त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. चाळीसेक वर्षांनी तो दुरुस्त होऊन नव्या प्रतीत आला तेव्हा परीक्षणांचा सूर पार निराळा होता. मात्र त्यातल्या लैंगिक हिंसेच्या चित्रणाबद्दल आजचे समीक्षक जास्त कडक आहेत. म्हणजे रंगरेषांना जास्त गुण आणि स्त्रीकडे बघण्याच्या नजरेला कमी. दोन्ही बदल एकाच वेळी झाले.

‘लांडग्याचं घर’च्या बाबतीत उलट झालं; त्याला वाट पाहावी लागली नाही. २०२० मध्ये अमेरिकेत घरोघरी ऑनलाइन दाखवला गेला, टाळेबंदीत. घरात कोंडलेल्या लोकांनी घरात कोंडलेल्या मुलीचा सिनेमा पाहिला, त्याचा परिणाम परीक्षणांवर झाला नसेल असं मानणं कठीण आहे. या जोडगोळीच्या २०२१ मधल्या ‘लोस उएसोस’ या लघुपटाला व्हेनिसला बक्षीस मिळालं, आणि भयपटांसाठी नावाजलेल्या ॲरी ॲस्टरने आपल्या २०२३ मधल्या ‘बो इज अफ्रेड’मधला ॲनिमेशनचा भाग त्यांच्याकडून करून घेतला. एका दिग्दर्शकाने दुसऱ्याला काम देणं ही समीक्षेचीच एक तऱ्हा आहे, आणि तिला तारे लागत नाहीत.

राहता राहिला प्रश्न, परीक्षण आधी वाचायचं की नंतर. महोत्सवातून लिहिलेलं व्यापारी मासिकांतलं परीक्षण मुळात वितरकांसाठी असतं. हा सिनेमा कुठे खपेल, हे त्यात पाहिलेलं असतं. ते आपल्याला कशाला? वर्तमानपत्रातलं आधी वाचायला हरकत नाही, पहिले दोन परिच्छेद. अभ्यासकांचे मोठे लेख मात्र नंतरच, नाहीतर सिनेमाभर त्यांचाच आवाज कानात घुमत राहतो. वसाहतीचा इतिहास आधी की नंतर, यावर आमच्या हॉलमध्ये अजून एकमत नाही. बाईंचं म्हणणं, आधी सांगितलंत तर लांडगा पहिल्या मिनिटाला ओळखू येईल, मग फसायचं कुणी? तो मुलगा म्हणतो, फसलो हे कळायलाच मला घरी जाऊन दोन तास शोधाशोध करावी लागली. सगळे कुठे करणार? पुढच्या वेळी हा सिनेमा दुसऱ्या गटाला दाखवायचाय, तेव्हा अर्ध्या लोकांच्या हातात माहितीचा कागद आधी द्यायचा आणि अर्ध्यांच्या हातात चहाबरोबर, असं तूर्तास ठरलंय. कागद लिहायचं काम त्या मुलाकडे आहे, आणि बाईंनी तपासायला मागितलाय.